मुखेडच्या ओसरीवर 'गास्ट'ची झडती

नांदेडहून मुखेडची एसटी धरतानाच मनात पाल चुकचुकली. मी जर्मन शिकवतो. वर्गातली प्रज्ञा नर्स आहे, जर्मनीत नोकरी करायची म्हणून शिकते. तिच्या वडिलांनी निरोप धाडला होता, "सरांना एकदा घरी आण, मग परीक्षेच्या फॉर्मचं बघू." मला बोलावून हे करणार काय? एसटीत शेजाऱ्यानं "कुठं चालला?" विचारलं, तर त्यालाही मी धड उत्तर दिलं नाही.

घरी पोचलो तर ओसरीवर सतरंजी, त्यावर वडील, दोन चुलते आणि मामा. अरे बापरे, ही तर सोयरिकीची बैठक! मुलाकडच्या माणसाला पारखतात तसे सगळे मला न्याहाळत होते.

"जय भीम सर, बसा," वडील म्हणाले. ज्वारीची भाकरी, वरण आणि झणझणीत ठेचा पुढं आला. घास तोंडात असतानाच प्रश्न सुरू. मूळ गाव कोणतं? मालकीणबाई काय करतात?

"जर्मनीला धाडतो म्हणणारा एक एजंट येऊन गेला," मामा बोलले. "लई गोड बोलला. म्हणूनच तुम्हाला बलावलं."

वडिलांनी डोळे रोखले. "तिकडं पाहुण्याला काय म्हणतात?"

"गास्ट. डचमध्ये खास्ट, स्वीडिशमध्ये येस्ट, इंग्रजीत गेस्ट. सगळी एकाच घरातली भावंडं."

"अन् मुळात अर्थ काय?"

हा माणूस मला अडकवतोय, नक्कीच. दारात प्रज्ञा ओढणी पिळत उभी होती. गोड काहीतरी सांगून टाकलं असतं तर तिचं काम झालं असतं. पण जीभ रेटेना.

"मुळात परका माणूस," मी म्हणालो. "लॅटिनमध्ये याच शब्दाचा एक भाऊबंद आहे. तो तर पुढं शत्रूसाठीच वापरू लागले."

प्रज्ञाचा चेहरा पडला. मला माझाच भयंकर राग आला.

"म्हंजे आधी परकी, मग पाहुणी," वडील सावकाश म्हणाले. "एजंटानं ह्ये न्हाई सांगितलं." त्यांनी पायात चपला सरकवल्या. "घर बघितल्याबिगर आम्ही लेक देत न्हाई. जर्मनी काय बघणं होत न्हाई, तुमचं बघतो. चला."

आणि खरंच परतीच्या एसटीत बापलेक माझ्यासोबत बसले. नांदेडला माझ्या घरी आल्यावर वडिलांनी वर्गाची खोली पाहिली, मग ते स्वयंपाकघरात डोकावले, माझ्या बायकोशी बोलले, शेजाऱ्यांकडेही चौकशी करून आले. जन्मभर मी लोकांवर संशय घेत आलो, पण लेकीपायी इतक्या जिवाच्या आकांतानं संशय घेणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. मला स्वतःचीच लाज वाटली.

शेवटी ते लेकीकडे वळले. "भर फॉर्म. तिकडं कुणी परकी म्हणलं, तर सरांना फोन लाव. ह्यांचं घर बघितलंय मी."