अकरा खंडेनवम्या पाहिलेला लॅपटॉप

माझा लॅपटॉप म्हातारा झालाय हे मला नववीच्या मुलींनी सांगितलं. मी वर्गात पचनसंस्थेचं चित्र दाखवत होते. आम्ही जठरापर्यंत पोचलो आणि पडदा काळा झाला. आतला पंखा एवढा घोंघावत होता की मागच्या बाकावरून एक जण अगदी शांतपणे म्हणाली, "मॅडम, लॅपटॉपला दम लागायलाय." वर्ग हसला, मीही हसले. पण घरी पोचेपर्यंत मला राग आला होता. माझा राग असाच आहे, दोन तास उशिरा येतो आणि नवऱ्यावर निघतो.

नवऱ्यानं तो निमूट झेलला, कारण त्याला आवडीचं काम मिळालं होतं. चप्पल घ्यायची तरी पंधरा दिवस व्हिडिओ पाहणारा माणूस. त्याचं म्हणणं एकच: अकरा वर्षं झाली, आता दुरुस्तीत पैसे घालणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड, नवाच घे. आठ दिवसांत त्यानं सात लॅपटॉपांची यादी केली आणि सातांतही खोट काढून ठेवली. इकडे माझं यंत्र वीस मिनिटं चाललं की तापायचं आणि आपलं आपण बंद पडायचं. सहामाहीच्या प्रश्नपत्रिका मी वीस-वीस मिनिटांच्या हप्त्यांनी टाईप केल्या. स्पेसची कळ दाबली की कर्र वाजायचं, ते तर कित्येक वर्षांचं. मला वाटायचं, वयाचं असेल.

नवा घ्यायला हरकत कुणाचीच नव्हती, एक आई सोडून.

त्याचं असं आहे, की हा लॅपटॉप आईनं घेतलेला. आई लातूरला ट्यूशन एरियात मेस चालवायची. निलंग्याहून, अहमदपूरहून, कुठून कुठून डॉक्टर व्हायला आलेली पोरं-पोरी आमच्या ओट्यावर डबे न्यायला उभी असायची. पहाटे पाचला तिची कणीक मळायला सुरुवात व्हायची, मोठ्या परातीत, कोपरापर्यंत हात घालून. मी तेव्हा नांदेडला एमएस्सी करत होते आणि प्रोजेक्ट टाईप करायला नेट कॅफेत नंबर लावून बसायचे. आईनं त्या वर्षी कणीक मळायचं यंत्र घ्यायचं ठरवलं होतं. दुकानात जाऊन पाहूनही आली होती. आणि एका शनिवारी मी लातूरला गेले तर पलंगावर लॅपटॉपचं खोकं. मी ओरडलेच तिच्यावर. ती म्हणाली, "कणीक हातानं मळता येती. तुझं ते हातानं व्हायलंय का?"

कणीक मळायचं यंत्र नंतर कधी आलंच नाही. दोन वर्षांपूर्वी मेस बंद केली, तोवर ती हातानंच मळत राहिली.

म्हणून दरवर्षी खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, लॅपटॉप घेऊन मी लातूरला जाते. मी नाही आले तर चालेल, पण त्याला घेऊन यायचं, असा तिचा हुकूम. त्या दिवशी आमच्या घरी पाटावर विळी, पोळपाट-लाटणं, तवा, मिक्सर आणि मध्यभागी लॅपटॉप अशी पूजा मांडतात. तीही झाकण उघडून. पहिल्या वर्षी मी बंद करून ठेवला होता, तर म्हणाली, तोंड झाकून पूजा करतेत का कुठं. मग कीबोर्डावर हळदी-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. अकरा खंडेनवम्या.

फोनवर तिला नव्याचं सांगितलं तेव्हा पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. तिच्या पंख्याचा, माझ्या नव्हे. मग ती म्हणाली, "त्याला लई यश हाय गं. नोकरी लावली त्यानं तुला. मी दरसाल पूजा करती म्हणून तर टिकला." नवऱ्यापुढं मी तासभर बोलू शकते, आईपुढं चार शब्दांत गार.

तरी मी मन घट्ट केलं. दसऱ्याच्या मुहूर्तावर नवा घ्यायचा, जुन्यातलं सगळं त्यात टाकून घ्यायचं आणि जुना आईच्या कपाटात नेऊन ठेवायचा. इथं नांदेडात, वजिराबादच्या एका गल्लीत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं, आमच्या स्टाफरूममधले सगळे तिथंच जायचे. दुकानदार पन्नाशीचे, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. मी त्यांना सांगितलं, आतलं सगळं काढून द्या, याचा निकाल लागलाय. ते म्हणाले, निकाल नंतर लावू, आधी पेपर तर तपासू द्या. शिक्षिकेला असं बोलणारा माणूस मला आवडतो.

त्यांनी उलटा करून स्क्रू काढले. खालचं झाकण उचललं आणि आत वाकून पाहिलं. चष्मा लावला. मग म्हणाले, "मॅडम, जरा इकडं या."

पंख्याच्या पात्यांना पिवळा थर बसला होता, जाड, पापडासारखा. त्यात लाल तांदळाच्या कण्या. हवा बाहेर जायच्या जाळीत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अडकलेल्या. पुढं कीबोर्ड सोडवला तर स्पेसच्या कळीखाली दोन अख्ख्या अक्षता. एवढी वर्षं कर्र करणाऱ्या त्याच. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. विज्ञानाची बाई मी, आणि माझ्याच देखत हे सगळं आत जात होतं. दर वर्षी फुंकर मारून मी ते आणखी आत ढकललंही असेल.

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. ब्रशनं आणि चिमट्यानं एकेक कण काढून त्यांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवला.

"पूजेचं हाय ना?"

"हाव," मी म्हणाले. नांदेडात बारा वर्षं जपलेली माझी शाळेतली भाषा तिथं गळून पडली.

त्यांनी कागदाची नीट पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. हे आम्हाला कचऱ्यात टाकता येत न्हाई, म्हणाले. मग लॅपटॉपचं सांगितलं. याला काहीही झालेलं नाही, फक्त श्वास घेता येत नव्हता. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली, रॅम वाढवली, बॅटरी बदलली की अजून पाच वर्षं पळेल. "नवा पाहिजे तर नवा देतो की. पण नव्याची पूजा होणार न्हाई का?"

महिनाभर घरात जुना की नवा चाललं होतं, आणि प्रश्न तो नव्हताच. लॅपटॉप कुठलाही घेतला असता, आईच्या पाटावर त्याचं तेच झालं असतं. मी तिथंच सांगितलं, हाच करून द्या.

दोन दिवसांनी चालू केला तर चहाचं आधण ठेवायच्या आत पडदा हजर. आवाज म्हणाल तर नाहीच. मी कान लावून ऐकलं, आत कुणी आहे की नाही. इतका आनंद झाला की मी कारण नसताना एक प्रश्नपत्रिका उघडून उगाच स्पेस दाबत बसले. नवऱ्यानं सात लॅपटॉपांची यादी मोठ्या दुःखानं पुसली. आता आईला कसं सांगायचं, एवढंच उरलं. तो म्हणाला, सांगूच नको, दर वर्षी नंतर साफ करून आणू. खंडेनवमीसाठी लातूरला निघाले तेव्हा लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळा रस्ता एसटीत मी तेच घोकत आले. सांगायचं नाही. ज्या पूजेनं लॅपटॉप टिकला असं ती अकरा वर्षं मानत आली, तिनंच तो गुदमरला हे कोणत्या तोंडानं सांगू? पण सकाळी तिनं पाट पुसला, तवा मांडला आणि हळदी-कुंकवाची कोयरी हातात घेतली, तेव्हा मी पर्समधून पुडी काढून तिच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. खोटं मला फक्त नवऱ्यापुढं जमतं.

तिनं पुडी उघडली. बोटानं एक लाल कणी बाजूला केली. ती खिन्न झाली असती तर मी त्याच दिवशी नवा लॅपटॉप आणून अक्षतांनी भरून टाकला असता.

पण ती खुदकन हसली. म्हणाली, एवढं खाऊनबी चालला म्हणजे लईच गुणाचा. तिनं लॅपटॉप मिटला, डबे झाकायचं जुनं फडकं त्यावर घातलं आणि माझ्याकडं वळली.

"मग हात पुढं कर. काम तर हेच करतेत."

तिनं माझ्या दहाही बोटांना हळद-कुंकू लावलं आणि ओंजळीत अक्षता टाकल्या. मला हसूही येत होतं आणि रडूही. तेव्हा माझं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. मनगटाशी जाड झालेले, बोटांची पेरं सुजून वाकडी झालेली. तव्याची पूजा झाली, लाटण्याची झाली, माझ्या लॅपटॉपची अकरा वर्षं झाली. या हातांना मात्र कधी कुणी कुंकू लावलं नव्हतं. मी कोयरी घेतली. ती हात मागं ओढायला लागली, माझ्या हाताला कशाला, काय करायलीस, म्हणत. मी तिचं काही ऐकलं नाही. कणकीचं यंत्र माझ्यासाठी सोडून दिलेल्या त्या दोन्ही हातांना मी कोपरापर्यंत हळद लावली आणि डोकं टेकवलं.

मग नवऱ्याला पूजेचा फोटो पाठवावा म्हणून मी तशाच हातांनी लॅपटॉपवरचं फडकं उचलायला गेले, तर ती एकदम ओरडली, "आधी हात धू. परत जाईल की आत."