गुरुवारचं घर

एकवीस वर्षांची असताना दीड वर्ष मी स्वतःच्या नावाशिवाय राहिले. छातीवर काळा बिल्ला, त्यावर आडनाव आणि आधी ‘सिस्टर’, बस्स. मी मॉर्मन चर्चची प्रचारक होते. घर पुण्याचं, तीन पिढ्या ख्रिस्ती. कॉलेजात असताना मी या चर्चमध्ये गेले आणि त्यांनी मला पाठवलं थेट टेक्सासला, डॅलस शहरात. साल २००४. घरी फोन वर्षातून दोनदा, ईमेल दर सोमवारी लायब्ररीतून. सिनेमा नाही, गाणी नाही, चहा नाही. प्रचारक नेहमी जोडीनं फिरतात, आणि जोडीदारीण सतत नजरेसमोर हवी, हा नियम सगळ्यांच्या वरचा.

माझी जोडीदारीण आयडाहोची, बटाट्याच्या शेतावर वाढलेली. पहाटे उठून अंथरुणाच्या घड्या अशा घालायची की मला माझ्या अंथरुणाची लाज वाटावी. तिचे सोळा महिने झाले होते आणि तिनं शिकवलेल्या एकाही माणसाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. त्याबद्दल ती कधी तक्रार करायची नाही. तक्रार करणारी मी होते.

आमचा भाग डॅलसच्या प्लेनो उपनगराकडचा. उन्हाळ्यात तिथे दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. मोठमोठी घरं आणि आत कुणीच नाही. हिरवळीवरचे फवारे आपोआप सुरू होत, आपोआप थांबत. कोपऱ्यावर गाडी लावून आम्ही दारं वाजवत चालायचो आणि तासाभरात मला वाटायला लागायचं की हे शहर कुणाच्या तरी झोपेत आहे, ते जागं झालं की आम्ही दोघी राहणार नाही. दूर हायवेची घरघर चालूच असायची. चालता चालता मी मनात मराठीत बोलायचे. कुणाशी, ते माहीत नाही.

अशाच एका दुपारी एका दारामागून आवाज आला, “कोण आहे?” मराठीत. माझ्या तोंडून ‘मी’ निघून गेलं. दार उघडलं. सुती पातळ, हातात अर्धी निवडलेली मेथी, साठी ओलांडलेल्या बाई. त्यांनी माझा बिल्ला पाहिला, माझ्या गोऱ्या जोडीदारणीला पाहिलं आणि म्हणाल्या, “आत या, उन्हात काहून उभ्या?”

त्या नागपूरच्या. मुलगा-सून आयटीत, दोघंही सकाळी बाहेर पडत. नातू शाळेतून आला की इंग्रजीत उत्तर देऊन खोलीत जाई. गाडी चालवता येत नाही, सहा महिन्यांचा व्हिसा, आणि दिवसभर एसीचा आवाज. मी त्यांना काकू म्हणू लागले. मुलगा एकदा दुपारी घरी होता. तो म्हणाला, आई फार बोअर होते यार, तुम्ही येता ते बरंय. त्याला वाटलं आम्ही हळदीकुंकवासारखं काहीतरी करतो.

आम्ही दर गुरुवारी जाऊ लागलो. चहा चालत नाही म्हटल्यावर काकू घटकाभर रुसल्या, मग कोकम सरबतावर तडजोड झाली. जोडीदारीण धडा शिकवायची, मी भाषांतर करायचे. पहिले दोन-तीन गुरुवार खरंच केलं. काकू हो हो म्हणत ऐकायच्या आणि मध्येच विचारायच्या, पुण्यात मेथी कशी मिळते आता?

मग गाडं अडलं. नियम असा होता की जो माणूस पुढं पाऊल टाकत नाही, त्याचं घर सोडायचं आणि वेळ दुसऱ्याला द्यायचा. जोडीदारणीनं मला विचारायला सांगितलं की तुम्ही तुमचे देव सोडून या मार्गाला याल का. काकू काय म्हणतील हे मला ठाऊक होतं. त्यांचं देवघर किचनच्या कपाटात होतं, डाळींच्या डब्यांच्या वरच्या फळीवर. एकदा जोडीदारणीनं विचारलं होतं की ते काय, तर मी फॅमिली फोटो आहेत असं सांगून वेळ मारून नेली होती.

मी विचारलं, “काकू, आम्ही पुढच्या गुरुवारी येऊ ना?”

काकू म्हणाल्या, “म्हणजे काय, नक्की या.”

जोडीदारणीला मी सांगितलं की त्या हो म्हणाल्या.

इतकं सोपं होतं ते. मला वाईट वाटलं नाही, हे आज सांगायची लाज वाटते. मला फक्त त्या घरात बसायचं होतं. मेथीच्या वासात, जिथं मला नाव होतं. काकू मला ‘बेटा’ म्हणायच्या आणि तेवढा तासभर मी जागी असायचे. बाकी सगळा आठवडा स्वप्नातच जायचा.

काकू दोन रविवारी चर्चलाही आल्या, घराबाहेर पडायला मिळालं म्हणून. मान डोलावून गाणी ऐकली. जोडीदारीण फुलून गेली. तिनं आईला ईमेलमध्ये काकूंबद्दल लिहिलं. त्या सोमवारी लायब्ररीत ती शेजारी बसून टाइप करत होती आणि मी दुसरीकडे पाहत होते.

बाप्तिस्म्याआधी एक मुलाखत असते. घेणारा आमच्या गटाचा प्रमुख, वीस वर्षांचा मुलगा, फार गंभीर. दुभाषी अर्थात मीच. काकूंना म्हटलं, आमचा प्रमुख भेटायला आलाय. त्यानं विचारलं, देवावर श्रद्धा आहे का. मी तेच विचारलं आणि काकू म्हणाल्या, आहेच की. पुढचे काही प्रश्न मी गिळले, दुसरंच काहीतरी विचारून काकूंचं ‘हो’ त्याला सांगितलं. त्यानं विचारलं, पूर्वीच्या चुकांचा पश्चात्ताप झाला आहे का. मी म्हटलं, “काकू, मनाला लागून राहिलेलं काही आहे का?” काकू सांगू लागल्या की धाकटी बहीण आजारी होती, बोलावत होती, पण घरात लग्न होतं म्हणून त्या गेल्या नाहीत, आणि मग जायचं राहूनच गेलं. पदरानं डोळे पुसले. मी ते इंग्रजीत सांगितलं तसे त्या मुलाचेही डोळे भरून आले. बाहेर येऊन तो म्हणाला की इतकी खरी मुलाखत त्यानं आजवर घेतली नव्हती.

दोन आठवड्यांनंतरचा शनिवार ठरला. काकूंना मी एवढंच सांगितलं की शनिवारी आमच्याकडे बाप्तिस्मा आहे, या. कुणाचा, ते सांगितलं नाही. मनात म्हटलं, ऐन वेळी काहीतरी होईल. त्या येणार नाहीत, मुलगा गाडी काढणार नाही. खोटं बोलणाऱ्याची देवावर फार श्रद्धा असते.

आमच्या चर्चमध्ये मोठ्या माणसाला अख्खं पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात, म्हणून शनिवारी सकाळपासून हौदात पाणी सोडलं होतं. कंबरेएवढं भरायला दोन-तीन तास लागतात. बाकीची मंडळी अजून यायची होती, आणि त्या रिकाम्या इमारतीत पाण्याचा आवाज सगळीकडे येत होता, कार्पेटच्या खालूनसुद्धा. जोडीदारणीनं काकूंच्या मापाचा पांढरा झगा स्वतः इस्त्री केला होता. तो हातांवर आडवा धरून ती दाराशी उभी होती.

मुलानं आईला सोडलं, दोन तासांनी पिकअप करतो म्हणाला आणि गेला. काकू काठापदराची साडी नेसून आल्या होत्या. हातात प्लास्टिकची पिशवी. त्यातून त्यांनी एक नारळ काढला आणि त्याच्यामागून एक झबलं आणि टोपडं. त्यांच्याच जुन्या पातळाचं, हातानं शिवलेलं, काठ गळ्याशी बरोबर बसवलेला. दोनदा त्यांच्या घरी ते कापड मी पाहिलं होतं आणि काय शिवताय म्हणून विचारलंही नव्हतं. नागपूरला त्यांच्या शेजारी एक ख्रिस्ती नर्स राहायची. तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला काकू गेल्या होत्या.

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. “बाळ कुठं आहे?”

जोडीदारणीनं विचारलं, काय म्हणतायत? मग कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. त्या विचारतायत की बाळ कुठं आहे.

ती झबल्याकडं पाहत राहिली. मग हातातल्या झग्याकडं. मग माझ्याकडं. ती मंद नव्हती, आणि मी सगळं सांगितलं, कपाटातल्या फॅमिली फोटोंपासून. आधी तिला इंग्रजीत, मग काकूंना मराठीत. दोन्ही भाषांत ते तितकंच वाईट वाटत होतं. जोडीदारीण आत गेली, हौदाचं बूच काढलं आणि परत येऊन भिंतीशी बाकावर बसली. झगा मांडीवर तसाच.

काकूंना आधी हसू आलं. “म्हणजे मला बुडवणार होता?” मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि हसणं थांबलं. “त्या पोरीला काहून फसवलं? तिनं तुझं काय केलं होतं?”

मी म्हटलं, “नाहीतर गुरुवार बंद झाले असते.”

काकू जोडीदारणीच्या शेजारी जाऊन बसल्या आणि झबलं, टोपडं तिच्या मांडीवरच्या पांढऱ्या झग्यावर ठेवलं. मला म्हणाल्या, “तिला सांग, तिच्या पहिल्या बाळाला. आता नीट सांग.”

मी सांगितलं. जोडीदारणीनं टोपड्याच्या नाड्या बोटात घेतल्या आणि ती रडू लागली, अगदी आवाज न करता. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बराच वेळ. पाणी आता गुळगुळ करत उतरत होतं. मग काकूंनी मान वर करून मला विचारलं, “येत्या गुरुवारी येशील ना बेटा?”

मी तेही भाषांतर केलं. तिनं डोळे पुसले. तिला राग असेल तर तो आवाजात नव्हता, उलट ती जपून बोलली, आजारी माणसाशी बोलावं तशी. “त्यांना सांग, आपल्याला आता येता येणार नाही. त्यांच्या मुलानं मला फोन केला तर मी त्यालाही सांगेन. तू सांग.”

जे एक वाक्य टाळायला मी इतकं खोटं बोलले होते, ते वाक्य शेवटी मलाच बोलायचं होतं. मी काकूंकडं पाहिलं.

“काकू, आम्हाला आता येता येणार नाही.”

“बरं,” काकू म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि बाकावर थोडं सरकून माझ्यासाठी जागा केली. मुलगा यायला अजून दीड तास होता.