मंगळवारची हजेरी

खाकी उतरवून पुष्कळ वर्षं झाली. मोठमोठे गुन्हे विसरलो, पण ज्यात गुन्हाच नव्हता असा एक तपास काही केल्या मनातून जात नाही.

दुष्काळ नुकताच सरला होता. मी सोलापुरात फौजदार होतो. कुटुंब गावी आणि मी पोलीस लाइनीतल्या एका खोलीत. कामाशिवाय बोलायला कोणी नसे, म्हणून कामच जास्त करायचो. त्या दिवशी एका साक्षीदाराचा जबाब घेऊन होटगीहून साध्या कपड्यात परत निघालो होतो. दुपारची पॅसेंजर खच्चून भरलेली, तरी एका बाकावर एकच माणूस बसलेला. खांद्यावर घोंगडी, आणि दोन्ही मनगटं बेडी घातल्यासारखी एकमेकांवर ठेवलेली. ओठ सारखे हलत होते. लोक उभे होते, पण त्याच्या शेजारी कोणी टेकेना.

टी.सी. मला ओळखत होता. हळूच म्हणाला, "साहेब, हा सकाळपासून होटगी-सोलापूर फेऱ्या मारतोय. खून केला म्हणतो."

मी त्याच्याजवळ बसून ओळख सांगितली. त्यानं सुटल्यासारखा श्वास सोडला. "लई येळ लावला की सायेब. धरा मला. जीव घेतलाय म्या."

खरं सांगतो, मला त्याची कीव आली नाही. मला आनंद झाला. आमच्या हद्दीत नाल्याकाठी एका अनोळखी इसमाचं प्रेत सापडून दोन महिने झाले होते. तपास लागत नव्हता आणि वरचे साहेब रोज विचारत होते. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, अशी माझी गत झाली.

ठाण्यात आणून समोर बसवलं. दरडावावंही लागलं नाही. नाल्याकाठी मारलंस? "व्हय." काठीनं? "व्हय, काठीनं." संध्याकाळी? "व्हय." मी भराभर लिहीत होतो. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, इथवर माझा बेत झाला. तिथंही तो 'व्हय'च म्हणाला असता आणि फासावर गेला असता.

आमचे हवालदार माझ्यापेक्षा वयानं मोठे, माळशिरसकडचे. दाराशी उभं राहून ऐकत होते. त्याच्या हातात चहा देत सहज म्हणाले, "आन् पाव्हणं, काल सायबांची सायकल बी तुमीच नेली न्हवं?"

"व्हय," तो म्हणाला. "म्याच नेली."

सायकल बाहेर लिंबाखाली उभी होती, खिडकीतून दिसत होती. मी पेन खाली ठेवलं.

मग हवालदार त्याच्या शेजारी बसले, तंबाखू मळून दिली, आणि तासाभरात खरं काय ते कळलं. तो दक्षिणेकडच्या खेड्यातला मेंढपाळ. मेंढरं घेऊन चार महिने लांब गेला होता. घरी म्हातारी आई एकटी. ती तापानं गेली आणि शेजाऱ्यांना तिसऱ्या दिवशी कळलं. तो परतला तेव्हा दाराला कुलूप होतं. "समदी म्हंत्यात, तुजी काय चूक न्हाय," तो म्हणाला. "कुणी शिवी बी देईना. मंग म्या जावं कुटं?"

सिव्हिलच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, याला एकटं सोडू नका, जिवाचं बरंवाईट करून घेईल. एक चुलता होता, त्याला बोलावून घेतलं. तो न्यायला तयार झाला, पण हा ठाण्यातून उठेना. आधी सजा द्या, म्हणे.

हद्दीतल्या सराईत गुन्हेगारांना तेव्हा ठाण्यात हजेरी लावावी लागे. हवालदारांनी एक कोरी वही काढली. "ही तुजी सजा. दर मंगळवारी यायचं, अंगठा लावायचा. चुकलास तर आमी घरी येऊ."

हे कायद्यात बसत नव्हतं. तरी मी होकारार्थी मान हलवली. तो दर मंगळवारी येऊ लागला. अंगठा झाला की हवालदार विचारत, "जेवलास का? झोप लागती का?" हळूहळू त्याची मनगटं सुटी झाली. मीही बाहेर येऊन त्याच्याशी दोन शब्द बोलायचो. आठवड्यात कामाबाहेरचं माझं तेवढंच बोलणं.

वर्षभरानं माझी बदली झाली. चार्ज देताना बंदुका, काडतुसं, मुद्देमाल, किल्ल्या, सगळं यादीप्रमाणे दिलं. ती वही कुठल्याच यादीत नव्हती. नव्या साहेबांना मी तिच्याबद्दल सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही, विसरलो.

पुष्कळ वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत हवालदार शेजारी भेटले. मी भीतभीतच त्याचं विचारलं.

"नव्या सायबांनी हाकलला की," ते म्हणाले. "दिसभर पायरीवर बसून ऱ्हायला. मंग वही म्या घरी नेली. मंगळवारी सोलापुरातल्या माज्या वसरीवर येतोय. आता थकलाय, पर येतोय." पुढं म्हणाले, "तुमचं लई इचारायचा. फौजदारसायेब एकलेच ऱ्हात्यात, येळेवर जेवत्यात का, म्हनायचा."

मला ताटावरून उठावंसं वाटलं.

माणसाला कबूल कसं करायला लावायचं, हे मला नोकरीनं शिकवलं. त्याला नुसतं विचारायचं कसं, हे त्या दोघांना न शिकवता येत होतं. आता बायको गेली, मुलं परगावी. दर नोव्हेंबरात मी बँकेत जाऊन हयातीच्या दाखल्यावर सही करतो. कारकून सही ताडून पाहतो, शिक्का मारतो आणि 'पुढचे' म्हणतो. तरी मी क्षणभर खिडकीशीच उभा राहतो. जेवलात का, असं तो विचारेल, असं उगाच वाटतं.