डोंग्यात कोण होतं?

आख्ख्या गोंदिया जिल्ह्यात पिक्चरमधलं जर कोणाले समजत असन तं ते आमच्या मोठीमायले, बाकी सारे नुसते डोळे उघडे ठेवून बसतेत. मोठीमाय म्हंजे माह्या नवऱ्याच्या मोठ्या बापाची, थोरल्या काकाची, बायको. आमचं गाव दरेकशाकडं, जंगलाले लागून, एकाच आंगणात तिचं घर अन् आमचं घर, मंधात जांभळीचं झाड. मी लग्न होऊन आली तवा नववीतून शाळा सुटलेली, बोलाले भ्याव, जंगलाच्या आवाजाचं भ्याव, सासऱ्याच्या खोकल्याचं बी भ्याव. आमचे हे तं वर्ष झालं नाही तं हैदराबादकडं बिल्डिंगच्या कामाले गेले, फोन कधी येते, कधी येत नाही, अन् मी पहिले पोट घेऊन घरी, मंग पोरगी घेऊन घरी. तवा मले धरून ठेवलं ते मोठीमायनं अन् तिच्या पेटीभर सीड्यायनं.

तिची पिक्चर पाह्याची रीतच निराळी. टीव्हीत कोणी म्हातारा माणूस आला, हिरोचा बाप नाहीतं गावचा पाटील, का हिचा पदर डोक्यावर गेलाच समजा. मी म्हटलं, "मोठीमाय, त्याले थोडीच दिसून राहिलं तुमचं डोकं." तं म्हणे, "त्याले नसन दिसत, मले तं तो दिसते ना!" पिक्चर चांगला का वाईट हे ती जेवणावरून ठरवे. दोन तासात कोणीच जेवलं नाही तं तो पिक्चर खोटा. "एवढा भांडला, एवढा नाचला, अन् पोटात काही नाही? असा माणूस राहते का कुठं?" एका सीडीत तीन-तीन पिक्चर येत ना, ते तिघंही तिच्या हिशोबानं एकाच घरचे. पहिल्या पिक्चरात हिरो गोळी खाऊन मेला अन् दुसऱ्यात गॉगल लावून आला, तं ही टाळी वाजवून म्हणे, "पाह्य, मी म्हणलं नव्हतं? मेला नव्हता, दवाखान्यात होता!" मोबाईलवर पाह्यणं तिले बिलकुल मंजूर नाही. म्हणे, "त्याच्यात माणसं मुंग्यावानी दिसतेत. मुंगीसाठी कोणाले रडू येते?" सीडी अटकली का धुवाची, पुसाची अन् सुपात पापडावानी उन्हात ठेवाची, अन् जवळ काठी घेऊन बसाचं, कारण वांदर येते. आवडला तो पिक्चर पेटीत जाये, नाही आवडला तो दोरीले बांधून धानाच्या बांधीत, पाखरं भेवाले. ज्या पिक्चरमधी सासू सुनेले जाळते ते सारे आमच्या बांधीत लटकले. एका वर्षी तं बांधी अशी चमके का रस्त्यानं जाणारे गाड्या थांबवत. सासरे म्हणत, "यंदा पिक्चरवाल्यायनं लय खराब काम केलं वाटते."

पण एवढ्या सीड्या तिनं घेतल्या काऊन, हे ऐकाल तं तुम्हाले बी कसंतरी होईन. तिले पाह्याचा होता एकच पिक्चर. बाकीचे सारे चुकून आलेले.

ती नवी नवरी होती तवाची गोष्ट. दिवाळी झाली का आमच्याकडं गावोगाव मंडई भरते जत्रेवानी, तशा एका मंडईत तंबूत पिक्चर आला होता. घरचे सारे बैलबंडीनं गेले. पिक्चरात एक बाई राहते, तिचा नवरा परमुलुखात गेलेला, अन् ती पाण्याची पितळेची गुंडी घेऊन रोज नदीच्या घाटावर उभी राहते. एका दिवशी लांबून डोंगा येते. डोंग्यात एक माणूस बसलेला, पाठ इकडं. डोंगा जवळ येते, अजून जवळ येते, बाईच्या हातची गुंडी सुटते, अन् तेवढ्यात मोठीमायचा सासरा उठला. "चला, बैल जुंपले." सासऱ्यापुढं थांबा म्हणाची हिंमत कोणाची? सारे उठले. बंडीत बसली तरी हिची मान मांगंच.

तवापासून हिच्या डोक्यात एकच. डोंग्यात कोण होतं? पिक्चरचं नाव तिले माहीत नाही, वाचता येत नाही, हिरोईनचा तोंडवळा बी विसरली. कधी म्हणे, "नवराच होता, खांदे तसेच होते." दुसऱ्या दिवशी भाकर थापता थापता म्हणे, "नाही वं. नवरा असता तं पाठ करून बसला असता काऊन? घरी येणारा माणूस घराकडं तोंड करून बसते." मी खालमानेनं ऐके. मले वाटे, हे घरी याले निघतील तवा गाडीत कोणीकडं तोंड करून बसतील.

सालेकशाच्या बजारात, गोंदियात, जिथं सीडीवाला दिसन तिथं ही उभी. एकदा मी संग होती. तो पोट्टा म्हणे, "माताजी, पिच्चर का नाम तो बताओ."

"नाम मालूम रहता तो तेरे को कायको पूछती? वो है ना, डोंगावाला. औरत के हात से गुंडी गिरती."

"गुंडी क्या?"

"अरे पानी भरने की! तेरी माय क्या बिस्लरी पीती?"

लोकं हासले, मी पदरात तोंड लपवलं. त्यानं काढून दिली एक सीडी, वरतं नदीचं चित्र होतं म्हणून. घरी येऊन लावली तं भुताचा पिक्चर. मोठीमायनं पुरा पाह्यला, मंग म्हणे, "हा तो नोहे. पण भूत बिचारं सभ्य होतं." अन् ठेवला पेटीत.

मंग सीडीवाले एक एक करून मोबाईलचे कव्हर विकाले लागले, अन् मोठीमाय चहात मीठ टाकाले लागली. दाराले धडके, मले पाह्याले पुरी मान फिरवे. गोंदियाले नेलं तं डॉक्टर म्हणे काचबिंदू आहे, गेलेली नजर वापस येत नाही, राहिलेली औषधानं जेवढी टिकन तेवढी. अन् ही बाहेर येऊन काय म्हणते, "मंग तं आता तो पिक्चर लवकर पाह्यजे."

मी हात धुवून मांगं लागली. पोरीले मांडीवर घेऊन मोबाईलवर पाह्यत राहे. जुन्या पिक्चरच्या खाली लोकं लिहितेत ना, आम्ही हा कुठं पाह्यला, कोणासंग पाह्यला, आमचे बाबा होते तवा, आता कोणी नाही, असं, ते इंग्रजी अक्षरातलं मी एक एक अक्षर जुळवून वाचे. अन् एका दिवशी कोणीतरी हिंदीत लिहिलेलं दिसलं, का कोणाजवळ तो पिक्चर आहे का ज्यात बाई घाटावर गुंडी घेऊन उभी राहते, मी लहानपणी तंबूत पाह्यला होता. म्हंजे अजून कोणीतरी होतं! तिकडं कुठं, कोण जाणे, त्यालेही कोणी उठवून नेलं असन. खाली एकानं त्याची लिंक दिली होती. लिहिलं होतं का याची सीडी कधी निघालीच नाही, घरच्या जुन्या कॅसेटवरून उतरवला, पाह्यून घ्या. म्हंजे मोठीमाय इतके वर्ष जे मांगत होती ते कोण्याच दुकानात नव्हतं.

मोबाईलच्या दुकानातून पेनड्राईव्हमधी भरून आणला, कारण मुंग्यायचा पिक्चर तिले चालत नाही. दुपारी लावला. मोठीमाय नवं लुगडं नेसून टीव्हीपासून हातभरावर बसली. गाणं लागलं अन् तिनं माहा हात धरला. "हाच. हाच होय वं." चित्र खरडलेलं, रंग उडालेला, पण बाई आली, गुंडी आली, घाट आला. अन् लांबून डोंगा आला, तवाच पोरीनं भोकाड पसरलं, दात येऊन राहिले होते तिचे. मी उठली.

"खाली बस," मोठीमाय म्हणाली. "पोरीले मी नेते बाहेर."

"अन् डोंगा?"

"मले डोंगा दिसूनच नाही राहिला माय. पांढरं पांढरं हालून राहिलं नुसतं. तू पाह्य. पुरा पाह्य, अर्ध्यातून उठू नको, अन् मले सांगजो." पोरीले खांद्यावर टाकून, भिंत चाचपत ती आंगणात गेली. जांभळीखाली येरझाऱ्या मारे, पण दाराकडं पाठ.

मी पाह्यला. डोंगा लागला, माणूस वळला, अन् तो कोणीच नव्हता. वाटसरू होता. बाईले आगपेटी मांगते, बिडी पेटवते, चालला जाते. पिक्चर अजून चालला, बाईचे केस पिकले, घाटावर डोंगे आले, गेले. नवरा आलाच नाही. बाई उभी अन् संपला.

मी तोंड धुतलं अन् बाहेर गेली. पोरगी तिच्या खांद्यावर झोपली होती.

"कोण होतं?"

"कोणीच नाही. आगपेटी मांगाले आला होता."

ती अशी हासली, अशी हासली का पोरगी दचकली. "आगपेटी! अन् मी जनमभर... आगपेटी!" मंग हासणं थांबलं, अन् हळूच म्हणे, "अन् तिचा नवरा?"

"आला ना," मी म्हटलं. "दुसऱ्या डोंग्यानं आला. घराकडं तोंड करून बसला होता."

"मंग तुहा आवाज काऊन भरला?"

"खुशीनं."

मोठीमाय पोरीची पाठ थोपटत राहिली. मंग म्हणे, "ज्या पिक्चरमधी नवरा येते, त्या पिक्चरमधी रडाचं नाही पोरी."

आता तिले पुरं अंधुकच. यंदा रोवणीले आम्ही साऱ्या बाया चिखलात वाकून असू अन् ती बांधीच्या धुऱ्यावर पोरीले मांडीत घेऊन तोच पिक्चर सांगे. आगपेटीवाल्याचं सोंग अशी करे का बायायच्या हातचे रोप सुटत. मंग दुसरा डोंगा. मी सांगतलं त्याच्यापेक्षा लय लांबून आणते ती त्याले. डोक्याले फेटा देते, हाती बांगड्यायचा डबा देते, वाटेत त्याले जेवू बी घालते, नाहीतं पिक्चर खोटा होईन ना. बाया म्हणतेत, "मंग वं मोठीमाय, मंग?" अन् मले, जिले सारं माहीत आहे, माहाच हात थांबून जाते, का आज तरी डोंग्यातून घाटावर उतरवते का नाही ही त्याले. एखाद्या दिवशी मधातच पोरीचं नाक पुसत बसते तं असं वाटते जीव जाईन.

पण उतरवते. दर वेळी उतरवते.