सहावा बार

गुरुवार, ६ मार्च २०२५. दुपारी १ वाजून ७ मिनिटे २० सेकंद.

ही वेळ मी अंदाजाने लिहिलेली नाही. उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवलेल्या यंत्राने ती नोंदली आहे. या सदरातले गूढ अनुभव मी तीन वर्षं वाचते आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठीच वाचते. ‘अचानक गारवा जाणवला’ असं कोणी लिहिलं की मला पहिला प्रश्न पडतो... तापमान किती होतं? कोणी मोजलं? ज्या गोष्टीचा आकडा देता येत नाही, ती घडली असं मी मानत नाही. आजही मानत नाही. माझी अडचण उलट आहे. माझ्याकडे आकडा आहे, आणि तो आकडा अशक्य आहे.

मी हे रागाने लिहिते आहे. त्यामुळे कोणाला भीती वाटली नाही तर क्षमस्व.

माझं शिक्षण भौतिकशास्त्राचं. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानांच्या आवाजावर मला संशोधन करायचं आहे. असं विमान डोक्यावरून गेलं की हवेत दाबाची एक धारदार लाट मागे सोडतं. ती जमिनीवर पोहोचते तेव्हा आपल्याला धडाका ऐकू येतो — सॉनिक बूम. यंत्रावर तिचा आलेख हुबेहूब इंग्रजी एन अक्षरासारखा उमटतो. सरळ चढ, तिरकी उतरण, पुन्हा सरळ चढ. दुसरा कोणताही आवाज इतका नीटस आलेख देत नाही.

माझे बाबा हातखंब्याजवळच्या काळ्या दगडाच्या खाणीत सुरुंग उडवतात. उडवत होते. आमच्या बौद्धवाडीत असा परवाना परीक्षा देऊन मिळवणारे ते पहिले. बारा वर्षं त्यांच्या हाताखाली कोणाला साधं खरचटलं नव्हतं. खाणीत सुरुंगाला बार म्हणतात. खाणीच्या स्फोटांमुळे घरांना तडे जातात अशी गावाची तक्रार होती, म्हणून मी स्वतः तयार केलेल्या दाब मोजणाऱ्या तीन पेट्या फेब्रुवारीत बसवल्या. पहिली खाणीच्या शेडवर. दुसरी आमच्या खेडशीच्या घरावर, खाणीपासून ४.२ किलोमीटर. तिसरी समुद्राकडे, आत्याच्या गच्चीवर, आमच्या घरापासून ७ किलोमीटर. तक्रारीचा निकाल लागेल आणि माझ्या संशोधनाच्या अर्जालाही आधार मिळेल, असा हिशेब होता.

आता बाबांची पद्धत समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच उभं आहे. वातीने पेटवलेले बार दहा-दहा सेकंदांच्या अंतराने उडतात. जितके भरले तितके उडले याची खात्री झाल्याशिवाय कोणी आत जायचं नाही. एकही उरला तर अर्धा तास थांबायचं. म्हणून बाबा आणि ड्रिलवाले इस्माईलचाचा आडोशाला एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात आणि मनात मोजतात. आवाज थांबले की दोघं वळतात आणि एकाच वेळी बोटं दाखवतात. बोलायचं नाही. एकाच्या आकड्याने दुसऱ्याचा आकडा बिघडता कामा नये म्हणून. प्रयोगशाळेत आम्हाला दोन स्वतंत्र निरीक्षकांचं महत्त्व शिकवलं तेव्हा मी मनात म्हटलं होतं — हे मला खाणीत दिसलेलं आहे.

त्या गुरुवारी सहा बार भरले होते. बाबांनी सहा मोजले. चाचांनी सहा मोजले. दोघांनी वळून सहा बोटं दाखवली. नियमाप्रमाणे धूळ बसेपर्यंत पाच मिनिटं थांबून चाचा पुढे गेले, आणि सहावा बार उडाला.

वात आत धुमसत राहिली होती. चाचा वाचले. उजव्या हाताची दोन बोटं आणि डाव्या कानाचं ऐकणं गेलं.

त्या वेळी मी कुठे होते? घराच्या पडवीत. १ वाजून ७ मिनिटे २० सेकंदांनी डोक्यावर धडाका झाला, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आणि मी — हे लिहिताना आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते — मी टाळ्या वाजवल्या. आलेख पाहिला तर स्वच्छ, सुंदर एन! अर्जासोबत जोडायला याहून चांगलं काय मिळणार? पाच मिनिटांनी खाणीच्या दिशेने दबका आवाज आला, तोही मी ऐकला. शेवटचा बार असेल, असं म्हणून मी पुन्हा आलेखाकडे वळले. अर्थात बार भरताना फोन शेडमध्ये बंद ठेवतात, फोन लागलाच नसता. पण मी लावलाही नाही.

खाणीवरच्या पेटीतली नोंद मी त्याच संध्याकाळी काढली. पाच विस्कटलेले, दातेरी आलेख — पाच बार. त्यानंतर अकरा सेकंदांनी, म्हणजे सहावा जेव्हा उडायला हवा होता जवळपास तेव्हाच, तो एन. सहावा आवाज आकाशातून आला होता. दोघांनी बरोबर मोजलं होतं. जे मोजलं त्यातला एक आवाज खाणीचा नव्हता, इतकंच.

बाबांना मी आलेख दाखवला. ते म्हणाले, “आपला बार पायातून वर येतो, बाय. तो डोक्यावरून खाली आला होता. मला जाणवलं.”

“मग थांबला का नाहीत?”

“बारांच्या वहीत आकड्याचा रकाना आहे. कसा वाटला याचा नाही.”

चाचांना भेटायला मी दवाखान्यात गेले तेव्हा त्यांनी उजवा कान माझ्याकडे वळवला. “काय गो, तुझ्या पेटीन काय पकडलंन काय?”

“सहावा आवाज विमानाचा होता, चाचा. तुम्ही चुकला नाहीत.”

“ता मला म्हायत हाय. तुझा बापूस पण सहा, मी पण सहा. दोघांच्या कानात एकदम शैतान शिरला काय?” मग बँडेज बांधलेला हात वर करून म्हणाले, “ह्या विमानवाल्याला सांग, पुढच्या येळंला हॉर्न मारून ये म्हणावं.”

मी हसले नाही. ते मात्र हसत होते.

चौकशी लागली. बाबांचा परवाना, बारा वर्षांचं नाव, आणि त्याहीपेक्षा मोठी गोष्ट — मित्राची बोटं आपल्या चुकीने गेली की नाही, हा प्रश्न — सगळं माझ्या तीन पेट्यांवर येऊन थांबलं. मी संबंधित कार्यालयाला लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं : नमूद वेळी नमूद भागात कोणत्याही उड्डाणाची नोंद नाही. ठीक. नोंद नाही म्हणजे उड्डाण नाही असं होत नाही. ते मी सिद्ध करणार होते. खाण ते घर, ४.२ किलोमीटर, लाटेला लागले ८ सेकंद. म्हणजे सेकंदाला ५२५ मीटर, ध्वनीच्या दीडपट वेग. लढाऊ विमानाला शोभणारा, निर्दोष आकडा. मी आनंदाने अक्षरशः ओरडले.

मग तिसरी पेटी उघडली.

तिथेही तोच एन. तोच आकार, तीच रुंदी, शिक्का मारावा तसा. पण वेळ...

हे नीट सांगते. त्या दुपारच्या उष्म्यात ध्वनी सेकंदाला साधारण ३५१ मीटर जातो. माझ्या घरावर पोहोचलेला कोणताही आवाज तिथून सात किलोमीटरवरच्या आत्याच्या गच्चीवर फार तर वीस सेकंदांत पोहोचलाच पाहिजे. विमान वेगात असो, मंदावलेलं असो, वळलेलं असो, लाट एकदा सुटली की तिचा विमानाशी संबंध उरत नाही. ती हवेतून ध्वनीच्या वेगाने पुढे जाते. लवकर पोहोचली असती तर त्याला शंभर कारणं असती. उशिरा पोहोचायला एकही नाही. आणि ती उशिरा पोहोचली होती, फार उशिरा. ध्वनीपेक्षा हळू चाललेला ध्वनी!

घड्याळ बिघडलं असेल? तिन्ही पेट्या एका टेबलावर ठेवून आठवडाभर तपासल्या; फरक शून्य. पेट्यांच्या जागा बदलून, दुसऱ्या खाणीचे बार मोजून पाहिले, सगळे वेळेवर. एकामागून एक दोन विमानं? मग घराच्या पेटीवर दुसरा एन कुठे आहे, आणि आत्याच्या पेटीवर पहिला? उलटा वारा? त्यासाठी ताशी पाचशे किलोमीटरहून जोराचा वारा लागेल. त्या दुपारी आत्याच्या गच्चीवर वाळत घातलेले बांगडे जागचे हलले नव्हते.

दरम्यान शेजारचे तात्या अंगणात येऊन बसले. “डोंगराचा राखणदार तो. त्यानं आकडा चुकवलान. नारळ दिला असता तर...”

“तात्या,” मी म्हटलं, “तुमच्या राखणदाराला चाचांची बोटं कशाला हवी होती?”

ते उठून गेले. मला वाईट वाटलं नाही. या सदराच्या वाचकांनाही सांगते, प्रतिक्रियेत राखणदार लिहू नका. मला भूत नको होतं. मला एक साधं, निष्काळजी, बेकायदा का होईना, पण विमान हवं होतं.

आणि आता कबुली. चौकशीसाठी मी जो अहवाल तयार केला, त्यात दोनच पेट्या होत्या. खाण आणि घर. दोन पेट्यांत विमान दिसत होतं, परवाना वाचत होता. तिसरी धरली की विमान नाहीसं होत होतं. मी खोटं लिहिलं नव्हतं. फक्त आत्याचं घर गाळलं होतं.

बाबांनी अहवाल चष्मा लावून वाचला. इंग्रजी आकृत्यांवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले आणि थांबले.

“पेट्या तीन लावल्यास ना?”

“तिसरीचा आकडा कोणी मान्य करणार नाही, बाबा. सगळा अहवालच फेकून देतील.”

“चुकीचा आहे?”

“नाही. पण शक्यही नाही.”

“मीही त्या दिवशी पाच लिहू शकलो असतो,” ते म्हणाले. “नंतर. कोण बघणार होतं? वहीत पाच लिहिले असते, तर इस्माईल न विचारता आत गेला असं झालं असतं आणि मी सुटलो असतो. मी सहा लिहिले. ऐकले होते सहा.”

मला त्यांचा भयंकर राग आला. तो अजून पूर्ण उतरलेला नाही. पण मी तिसरी पेटी घातली.

चौकशीचे साहेब सौम्य आवाजात बोलणारे होते. त्यांनी पानं चाळली आणि तिसऱ्या पेटीपाशी हसले. “मॅडम, ध्वनीपेक्षा हळू ध्वनी? हे तुम्हीच लिहिलंय?”

“मोजलंय, साहेब.”

“मग पेटी बिघडलेली आहे. एक बिघडली तर तिन्ही बिघडलेल्या.” मग बाबांकडे वळून म्हणाले, “बारा वर्षं परवाना बाळगता आणि सहापर्यंत मोजता येत नाही?”

मागे बसलेले चाचा उठले. साहेबांनी आधी प्रश्न विचारला तेव्हा त्यांना ऐकूच गेलं नव्हतं, आता त्यांनी विचारायची वाट पाहिली नाही. डाव्या हाताची पाच बोटं वर केली, आणि शेजारी उजव्या हाताचा अंगठा. सहा. साहेबांकडे पाहत ते तसेच उभे राहिले. साहेबांनी पान उलटलं.

परवाना गेला. निष्कर्ष : मोजणीत हलगर्जीपणा.

चाचांनी बाबांना एका शब्दाने दोष दिला नाही. दोघं अजून रोज सकाळी हातखंब्याला एकत्र चहा घेतात. बाबा त्यांच्या उजव्या बाजूला बसतात, ऐकू जावं म्हणून. माझा संशोधनाचा अर्ज मी तिन्ही पेट्यांसह पाठवला आहे; उत्तर आलेलं नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ‘विज्ञानापलीकडे काहीतरी असतं’ हे वाक्य मी लिहिणार नाही, कारण ते म्हणजे हात झटकणं आहे, आणि हात झटकणाऱ्यांचा मला वीट आला आहे.

बारांची वही कार्यालयात जमा करायच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी ती माझ्यासमोर उघडी ठेवली. ६ मार्चची ओळ. भरलेले बार : ६. मोजलेले आवाज : ६. त्यापुढे शेऱ्याचा रकाना. बारा वर्षांत त्यांना त्यात एक अक्षर लिहावं लागलं नव्हतं.

“इथे तुझा आकडा लिही.”

“कोणी मान्य करणार नाही.”

“मान्य करायला कोण सांगतंय? लिही.”

मी पेन घेतलं. वेळ, तारीख, सही. आणि मग :

पेटी २ ते पेटी ३. अंतर ७.० किलोमीटर. लागलेला वेळ ३४.० सेकंद.