दुसरा ठोका

माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. ती वडिलांनी मोडली. वसईच्या लग्नांत ते बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायचे आणि मला घरी शिकवायचे, म्हणजे मारायचे. आमच्याकडे वरात चालते ती पहिल्या ठोक्यावर, धाड म्हणजे धाड. तो चुकला की ड्रमची काठी माझ्या बोटांवर. हाड मोडल्याचा आवाज आला तेव्हा ते म्हणाले, "हां, हा बरोबर बसला." त्या माणसाचा मला राग होता, आजही आहे. पण पहिला ठोका मात्र त्यांनी माझ्या हातात कायमचा घालून ठेवला.

दुबईत मी देऱ्यातल्या एका शिपिंग ऑफिसात काम करतो आणि शनिवारी दुपारी एका हॉटेलात ब्रंचला ड्रम वाजवतो. आमचा पियानोवाला सत्तरीचा काळा अमेरिकन, तिकडच्या दक्षिणेतला. ऱ्हिदम अँड ब्लूज हाच त्याचा धर्म. माझ्या पहिल्याच तालमीत त्याने पियानोचं झाकण असं आपटलं, की बेसवाल्याच्या हातातला चहा सांडला.

"नॉट वन! टू अँड फोर! यल्ला, कमॉन, अगेन!"

चारातल्या दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर जोर हवा होता. पुन्हा वाजवलं, पुन्हा पहिल्यावरच जोर. तिसऱ्यांदा त्याने माझ्या हातातली काठी हिसकावून भिंतीवर फेकली आणि ओरडूनच सगळं सांगितलं. त्याचे आजोबा तुरुंगाच्या शेतावर लाकडं तोडायचे. दहा माणसं, दहा कुऱ्हाडी, एक गाणं. ते गाणं करमणुकीचं नव्हतं. एक कुऱ्हाड ताल सोडून पडली की शेजाऱ्याचा पाय जायचा, हळू पडली की पहारेकऱ्याचा पट्टा पाठीवर यायचा. आजोबांच्या पाठीवरचे वळ त्याने लहानपणी बोटांनी चाचपले होते. पुढे ती माणसं कारखान्यांसाठी शहरांत गेली. त्यांच्या गाण्यात चर्चमधल्या टाळ्या मिसळल्या, पियानो आला, सॅक्सोफोन आला, आणि शनिवारी लोक त्यावर घाम गळेपर्यंत नाचू लागले. रेकॉर्ड कंपन्या ही गाणी काळ्यांची म्हणून वेगळ्या यादीत विकायच्या. मग त्यांना त्या यादीच्या नावाची लाज वाटली, आणि यादीला ऱ्हिदम अँड ब्लूज म्हणू लागले.

"पहिला ठोका कुऱ्हाडीचा," तो म्हणाला. "तो मालकाचा. दुसरा आमचा. टाळी तिथे पडते." हे कुठे लिहिलेलं आहे की त्याचंच, मला ठाऊक नाही. मग सगळ्या बँडसमोर तो मला म्हणाला, "तू त्या पहारेकऱ्यासारखा वाजवतोस."

तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच घेऊन मी डिस्कव्हरी गार्डन्सला घरी आलो.

माझी नऊ वर्षांची मुलगी रबराच्या पॅडवर माझ्याकडे ड्रम शिकते. मी तालमीतलं तेच गाणं लावलं आणि पहिल्यावर वाजव म्हणालो. ती हसली, मान डोलवत टाळ्या वाजवू लागली. दुसऱ्यावर, चौथ्यावर. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"डॅडा, यू आर राँग. इट्स हिअर."

काठी माझ्या हातात होती. मी तिच्या बोटांवर मारली. एकदा नाही, दोनदा. "पहिल्यावर! पहिल्यावर वाजव!" आवाज माझा नव्हताच, वडिलांचा होता.

बायको किचनमधून धावत आली, काठी ओढून घेतली. "खलास! बस्स! हात लावू नकोस तिला! बापाच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडलीस, आणि शेवटी खाण तशी माती!"

मुलगी रडली नाही. मी घाबरलो ते त्यानेच.

मी माफी मागितली. "इट्स ओके," ती म्हणाली आणि खोलीत गेली. पॅडला तिने हात लावला नाही. तो आठवडाभर मी दुसरा ठोका स्वतःच्या मांडीवर हाणत राहिलो. मांडी काळीनिळी पडली. बरंच झालं, मला तेच हवं होतं. शनिवारी दोघींना ब्रंचला बोलावलं. तिथे तिने एकदा तशीच, मान डोलवत टाळी वाजवावी, एवढंच मी मागत होतो. म्हणजे मी तिच्यातलं काही मोडलेलं नाही, हे मला कळलं असतं.

त्या दुपारी माझा हात पहिल्यांदाच बरोबर पडला. पियानोवाल्याने माझ्याकडे बघून मान हलवली, मग उठून लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या. सगळा हॉल वाजवू लागला. दुसऱ्यावर, चौथ्यावर. आमच्या ऑफिसातला खडूस अकाउंटंटही वाजवत होता.

मी तिच्या टेबलाकडे पाहिलं. ती ताठ बसली होती. तिची नजर पियानोवर नव्हती, माझ्या हातातल्या काठीवर होती. तीही टाळ्या वाजवत होती. हॉलभर एकटीच, जोरात, एकदाही न चुकता, पहिल्यावर.