व्हेगास न दाखवणारे काका

लास व्हेगासला जाऊन लास व्हेगास न पाहता परतलेली जी काही माणसं जगात असतील, ती बहुतेक सगळी माझ्या बायकोच्या मावशीच्या यजमानांकडे उतरलेली असणार. काकांच्या मते हे शहर म्हणजे आसपासची ठिकाणं पाहायला निघण्याआधी आंघोळ उरकण्याची जागा. झगमगाटाचा तो प्रसिद्ध रस्ता पाहायची इच्छा मी पहिल्याच मुक्कामात बोलून दाखवली, तेव्हा त्यांनी मला अंगणात नेऊन लांबचे दिवे दाखवले आणि म्हणाले, "पाहिलंत? झालं. आता झोपा, पहाटे निघायचंय." नकली आयफेल टॉवर उभारणाऱ्या गावाबद्दल माझंही मत फारसं वेगळं नाही; पण मला ते निदान जवळून पाहून नाक मुरडायचं होतं.

पहाटे निघायचं म्हणजे मावशींनी प्रत्येकाच्या तळहातावर दही घालायचं आणि डिकीत दशम्या, कोकम सरबत आणि कानटोप्या ठेवायच्या. वाळवंटात कानटोप्या कशाला, असं विचारणाऱ्याला काका दुपारी माउंट चार्ल्सटनच्या बर्फात उभं करून उत्तर देत. डेथ व्हॅलीत समुद्रसपाटीच्याही खाली उतरल्यावर माझा चेहरा भरताच्या वांग्यासारखा झाला, तेव्हा ते समाधानाने म्हणाले, "जावईबापू, याच्या खाली आता कोणी नेऊ शकत नाही तुम्हाला."

पण त्यांचं खरं दैवत हूवर धरण. तरुणपणी ते महाराष्ट्रात पाटबंधारे खात्यात होते, आणि अजूनही धरणावर पाहुणा म्हणून न जाता तपासणीला जातात. कठड्यावर थाप मारून "काम बरं आहे" असा शेरा देतात. एकदा तर हिरवा खण आणि नारळ घेऊन ते मावशींसह कठड्याशी उभे राहिले. पहारेकऱ्याने हटकल्यावर त्यांनी त्याला इंग्रजीत शांतपणे समजावलं, की धरण झालं की नदीची ओटी भरायची असते, आणि ते तुमच्याकडून राहून गेलेलं दिसतं. पहारेकऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि नारळ गाडीत ठेवायला लावला. त्याची चटणी मावशींनी संध्याकाळी वाढली. कोलोरॅडोचा प्रसाद म्हणून आम्ही ती खाल्ली.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा फ्रिस्कोहून मला फोन आला. "भाऊजी, बाबांचं ड्रायव्हिंग एकदा बघा आणि मला ऑनेस्टली सांगा. सेफ नसेल तर गाडी विकू आणि दोघांना इकडेच आणू." फ्रिस्को चांगलं गाव आहे; मात्र ते सपाट मैदानात, तिथे उंचावरून काही पाहायचं तर मॉलच्या पार्किंगचा वरचा मजला गाठावा लागतो. तिथे काका कोणाला काय दाखवणार, या विचाराने मी पुढच्या मुक्कामात उगाच गंभीर होऊन गाडीत त्यांच्या शेजारी बसलो.

मावशी मागच्या सीटवर बसल्या आणि आम्ही व्हॅली ऑफ फायरच्या तांबड्या खडकांकडे निघालो. काका झकास चालवत होते, आणि मुलीला काय सांगायचं ते मी मनात तयारही केलं. तेवढ्यात खडकातल्या लोखंडाने तांबडा रंग कसा येतो, हे समजावता समजावता त्यांनी 'स्टॉप'ची पाटी न थांबताच ओलांडली. आडव्या रस्त्याने आलेली जीप आमच्या दारापाशी करकचून थांबली. जीपवाल्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

काकांनी गाडी कडेला घेतली.

"पोरीने पाठवलंय ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

"मग? काय सांगणार?"

"झालं ते सांगावं लागेल, काका."

"सांगा. पाहणीचा अहवाल खराच द्यायचा असतो."

ते उतरले, वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडून उभे राहिले. "चला, तिकडे बसा. इतक्या लोकांना इथे आणलं, पण माझी नजर कायम रस्त्यावर. हे खडक मी कधी धड पाहिलेच नाहीत."

मी गाडी चालवू लागलो. काकांनी काच खाली केली. ऊन खडकांवर नुकतं चढत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते कुठल्याही दगडाबद्दल काही सांगत नव्हते. बऱ्याच वेळाने त्यांनी मान न वळवताच मागे हात केला. "अगं, बघतेयस ना?"

"बघतेय," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी तो हात धरून ठेवला.